फाइल राहते कुठे?

मायक्रोसॉफ्ट टीम्सचं, म्हणजे ऑफिसात मिळून काम करायच्या सॉफ्टवेअरचं, ट्रेनिंग संपत आलं होतं. लोक लॅपटॉप मिटायला लागले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ इंजिनिअरांनी हात वर केला आणि जरा संकोचून विचारलं, "मॅडम, मी चॅटमध्ये फाइल पाठवतो ना, ती राहते कुठे?"

सकाळपासून मी त्यांना चॅनल, म्हणजे टीमची एका विषयाची सामायिक जागा, कसं उघडायचं, सहकाऱ्याला टॅग कसं करायचं, मीटिंग रेकॉर्ड कशी करायची हे दाखवत होते. ४५ स्लाइड झाल्या होत्या. त्यांतल्या एकीवरही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

उत्तर अवघड नाही. मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या चॅनलमध्ये टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंट साइटवर, म्हणजे सामायिक साठ्यात जाते. ती टीमची होते. चॅटमध्ये पाठवलेली फाइल मात्र पाठवणाऱ्याच्याच वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या वैयक्तिक ऑनलाइन साठ्यात, 'मायक्रोसॉफ्ट टीम्स चॅट फाइल्स' नावाच्या फोल्डरमध्ये राहते आणि समोरच्याला तिथवर जायची फक्त परवानगी मिळते. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो पाठवणारा माणूस नोकरी सोडून गेल्यावर. त्याचं खातं काढून टाकलं की वनड्राइव्ह मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राखलं जातं, मग हटवलं जातं. त्यापुढचे ९३ दिवस ॲडमिनला ते परत आणता येतं, पण त्यासाठी काहीतरी गेलंय हे त्या मुदतीत कोणाच्या तरी ध्यानात यायला हवं.

हे सगळं ऐकून ते इंजिनिअर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या गेल्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नकाशे पाठवणारा सहकारी सहा महिन्यांपूर्वीच संस्था सोडून गेला होता.

हा प्रसंग इतक्या तपशिलात सांगतेय, कारण एकत्र काम करण्याची सॉफ्टवेअर शिकवणाऱ्यांकडून आपण काय मागतो आणि काय मागायला हवं, यातलं अंतर मला त्या एका प्रश्नात दिसलं. टीम्स, शेअरपॉइंट, स्लॅक, गूगल वर्कस्पेस यांच्या लायसन्सवर संस्था भरपूर खर्च करतात. मग एक दिवस ट्रेनर बोलावतात, वेगवेगळ्या विभागांतली तीसेक माणसं एका खोलीत बसवतात, संध्याकाळी फॉर्म भरून घेतात आणि ट्रेनिंग झालं अशी नोंद करतात. त्या दिवसात जे शिकवलं जातं ते जवळजवळ सगळं माणसं आपली आपण शिकू शकतात. आणि जे कोणालाच एकट्याने शिकता येत नाही, ते शिकवायला ट्रेनरला ना वेळ मिळतो, ना अधिकार.

एकट्याने शिकता येत नाही ते म्हणजे मिळून ठरवणं. कुठली फाइल कुठे ठेवायची, ती कोणी बदलायची, पक्की झाली असं कोणी म्हणायचं, कुठल्या निरोपाला त्याच दिवशी उत्तर द्यायचं आणि कुठला उद्यावर गेला तरी चालेल. स्प्रेडशीट शिकायला दुसरा माणूस लागत नाही. सूत्र चुकलं तर उत्तर चुकतं, आपण दुरुस्त करतो, शिकतो. दहाजणांच्या टीममधला एकजणच चॅनल वापरायला शिकून आला, तर त्याच्या पोस्ट कोणी वाचत नाही आणि दोन आठवड्यांत तोही मेलला ॲटॅचमेंट जोडायला लागतो. शिकलेलं तो विसरलेला नसतो. ते वापरायला जोडीदारच नसतात.

ही अडचण जुनी आहे आणि तिची जाणीवही जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी भरलेल्या सभागृहासमोर दीड तासाचं प्रात्यक्षिक केलं. माउस, दुव्यांनी जोडलेला मजकूर आणि दूर मेन्लो पार्कला बसलेल्या सहकाऱ्यांबरोबर एकाच पडद्यावर चाललेलं काम. आजच्या आपल्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं बीज त्या दीड तासात पाहायला मिळतं. त्या प्रात्यक्षिकाची आठवण पुष्कळ जण काढतात. त्याआधी १९६२ साली त्यांनी लिहिलेल्या अहवालाची आठवण क्वचितच निघते. माणसाची बुद्धी कशाने वाढवता येईल हे त्यात मांडताना त्यांनी साधनं, भाषा आणि कार्यपद्धती यांच्या जोडीला प्रशिक्षणही धरलं होतं. नुसतं यंत्र सुधारून भागणार नाही, ते वापरणाऱ्या माणसांची काम करायची रीतही त्याच्याबरोबर बदलत जायला हवी, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. पुढे उद्योगाने त्यांचा माउस उचलला, पडदा उचलला, दुवे उचलले. प्रशिक्षण तेवढं मागे राहिलं. 'शिकावंच लागणार नाही' हे विकायचं आश्वासन झालं.

सोपेपणाला माझा विरोध नाही. ज्यांना मशीनची भीती वाटते अशा कितीतरी माणसांबरोबर मी बसलेय; एक नीट ठेवलेलं बटण त्यांचा दिवस वाचवतं हे मला माहीत आहे. पण बटण सोपं झालं म्हणून चारचौघांत ठरवणं सोपं होत नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा लोटस नोट्स या ऑफिसात माहिती वाटून घ्यायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातला आहे. नोट्स १९८९ साली बाजारात आलं. एमआयटीतल्या संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत ते कसं रुजलं, किंवा रुजलं नाही, याचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध केला. वरिष्ठांनी मोठ्या उमेदीने आणि झपाट्याने सगळीकडे नोट्स बसवलं होतं. आता एका गटाचा अनुभव दुसऱ्या गटाला मिळेल, तेच तेच काम पुन्हा करावं लागणार नाही, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात लोकांनी त्याकडे आपल्या ओळखीच्या साधनांच्या चष्म्यातून पाहिलं. कोणाला तो सुधारलेला फॅक्स वाटला, कोणाला मेल. ट्रेनिंग मिळालं ते तांत्रिक स्वरूपाचं; मिळून काम करण्यासाठी याचा काय उपयोग, हे त्यात फारसं नव्हतं. आणि त्याहून खोल गोष्ट अशी की त्या कंपनीत बढती मिळायची ती वैयक्तिक कर्तबगारीवर. वर चढा, नाहीतर बाहेर पडा. जे मला माहीत आहे ते दुसऱ्याला आयतं का द्यायचं? शिवाय प्रत्येक तास कुठल्या तरी ग्राहकाच्या नावावर लावायची पद्धत होती. नोट्स शिकण्यात घालवलेला तास कोणाच्या नावावर लावणार?

तिथे कितीही निष्णात ट्रेनर नेला असता तरी काय झालं असतं? त्याने बटणं सुरेख दाखवली असती. खोलीतल्या माणसांना मात्र आपली माहिती वाटून टाकणं परवडतच नव्हतं. ही गोष्ट वर जाऊन सांगायची कोणी, हा माझा प्रश्न आहे. ती पहिल्यांदा दिसते ट्रेनरला, कारण तोच माणसांच्या शेजारी बसून त्यांचे हात कुठे अडखळतात ते पाहत असतो. पण त्याला बोलावलेलं असतं फक्त शिकवायला.

ऑर्लिकोव्स्कींच्या अभ्यासाच्या चार वर्षं आधी, १९८८ साली, संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी अशी सॉफ्टवेअर का फसतात याचं एक कारण नेमकं पकडलं होतं: कष्ट एकाला, फायदा दुसऱ्याला. त्यांचं उदाहरण सामायिक कॅलेंडरचं. मीटिंग बोलावणाऱ्याला त्याची मोठी सोय. सगळ्यांच्या मोकळ्या वेळा त्याला एका नजरेत दिसतात. पण त्यासाठी रोज आपलं कॅलेंडर भरत बसायचं ते इतरांनी, ज्यांना स्वतःला मीटिंगा बोलवायच्याच नसतात. आज कॅलेंडरच्या जागी कामाची स्थिती भरायचे तक्ते आले आहेत. साहेबांना रंगीत आलेख दिसतो. तो रंग भरायला खालचा माणूस रोज अर्धा तास देतो. जो ट्रेनर हा हिशोब ओळखून "याच्या बदल्यात या माणसाला काय मिळणार?" असं विचारू शकतो, त्याला मी जाणकार म्हणेन. मग त्याला एखादा शॉर्टकट आठवला नाही तरी माझी तक्रार नाही.

एका नऊजणांच्या टीमबरोबर मला वेगळ्या रीतीने बसायची संधी मिळाली. स्लाइड नव्हत्या. त्यांचंच सामायिक फोल्डर आम्ही पडद्यावर उघडलं. 'अहवाल फायनल'. 'अहवाल फायनल नवा'. 'अहवाल फायनल नवा सुधारित'. 'अहवाल फायनल हाच वापरा'. मी विचारलं, "यातला खरा कुठला?" तिघांनी तीन वेगळ्या फाइलींची नावं घेतली. चौथीने सांगितलं, "खरा माझ्या मेलमध्ये आहे." कोणी हसलं नाही. तोच अहवाल आदल्या आठवड्यात वर गेला होता आणि कुठली प्रत गेली हे आता कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

शेअरपॉइंटमध्ये फाइलच्या आवृत्त्यांचा इतिहास राहतो. कोणी आणि कधी बदल केला ते दिसतं, जुनी आवृत्ती परत आणता येते. हे मी पाच मिनिटांत दाखवलं. सगळ्यांना पटलं. तरी जादा प्रती काढून टाकूया म्हटल्यावर कोणाचा हात पुढे येईना. खोदून विचारल्यावर एकाने सांगितलं: दोन वर्षांपूर्वी एका तक्त्यात चुकीचा आकडा गेला होता आणि ज्याने तो टाकला नव्हता त्याला बोलणी खावी लागली होती. तेव्हापासून ज्याने त्याने आपली प्रत आपल्यापाशी ठेवायची सवय लावून घेतली. त्या चार फायनल फाइली म्हणजे आळस नव्हता, अज्ञानही नव्हतं. ती प्रत्येकाची ढाल होती.

पुढची चाळीस मिनिटं आम्ही माउसला हात लावला नाही. चूक झाली तर आधी काय करायचं, कोणाला सांगायचं, यावर ते बोलत राहिले. मग ठरलं की 'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात वापरायचाच नाही. पक्क्या अहवालांचं फोल्डर वेगळं असेल, तिथे फाइल ठेवायची परवानगी दोघींनाच असेल आणि बाकीच्यांना फक्त वाचता येईल. परवानगीचं सेटिंग करायला दोन मिनिटं लागली.

त्या टीमचे विभागप्रमुख खोलीत होते. मी तशी अटच घातली होती. त्याचं कारण तासाभरात समोर आलं. एकाच डॉक्युमेंटमध्ये सगळ्यांनी मिळून लिहायची सोय त्यांच्याकडे होती, पण ती कोणी वापरत नव्हतं. लोक आपल्या लॅपटॉपवर लिहायचे आणि पूर्ण झालं की आणून चिकटवायचे. का, असं विचारल्यावर सगळ्यात तरुण सभासद हळूच म्हणाला, "सर फाइल उघडून बसलेले दिसले की माझं लिहिणं थांबतं."

"अरे, मी फक्त बघत असतो," साहेब म्हणाले.

"हो सर. तेच."

अर्धवट वाक्य, चुकलेला आकडा, नंतर खोडायचा असलेला शब्द, हे सगळं वरिष्ठांच्या नजरेखाली लिहायचं म्हणजे काय असतं हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी नावासकट हलणारा कर्सर दाखवला तो सोबत वाटावी म्हणून. खालच्या माणसाला तो पहारा वाटतो. साहेब मोठ्या मनाचे होते. त्यांनी स्वतःच सुचवलं की गुरुवारपर्यंत मी मसुदा उघडणार नाही, आणि त्यानंतरही मजकुराला हात न लावता शेजारी फक्त टिपणी करीन. ही गोष्ट कुठल्याही मदतपानावर सापडणार नाही. साहेब खोलीत नसते तर ती बोललीही गेली नसती.

यावर एक रास्त आक्षेप मी नेहमी ऐकते. व्हिडिओ आहेत, कंपन्यांची मोफत शिकवणी आहे, नवी मुलं तर हे फोनवर खेळता खेळता शिकतात. मग यासाठी माणूस कशाला? बटणांपुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. बटणं शिकवायला माणूस बोलावू नका, त्याचा आणि तुमचा वेळ वाया जातो. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या संशोधकांनी १९८७ सालीच दाखवलं होतं की कामात गढलेला माणूस आधी माहितीपुस्तिका वाचून मग सुरुवात करत नाही. तो थेट कामाला हात घालतो आणि अडलं की जेवढ्यास तेवढं शोधतो. तेवढ्यापुरता दोन मिनिटांचा व्हिडिओ माझ्या दिवसभराच्या व्याख्यानापेक्षा कधीही सरस. पण व्हिडिओ पाहणारा एकटा असतो. 'तुमच्यात चूक झाली तर कोणाला बोलणी बसतात?' हे व्हिडिओ विचारू शकत नाही.

नव्या मुलांबद्दल तर माझा अनुभव उलटा आहे. त्यांचे हात झरझर चालतात, म्हणून त्यांना काही विचारायचंच नाही असं सगळे धरून चालतात. फाइल कुणाच्या मालकीची, ती माझ्यानंतर कोणाकडे जाणार, हा विचार खाजगी फोनवर कधी करावा लागत नाही. गूगलच्या 'माय ड्राइव्ह'मध्ये बनवलेली फाइल बनवणाऱ्या व्यक्तीच्या मालकीची असते आणि शेअर्ड ड्राइव्हमधली संस्थेच्या, हा फरक किती जणांना ठाऊक असतो? हा प्रश्न मी प्रत्येक बॅचला विचारते. वर जाणारे हात मोजायला एक हात पुरतो.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता सॉफ्टवेअरमध्येच बोलका मदतनीस बसवलाय, तो सगळं सांगेल. मला वाटतं त्याच्यामुळे आधी ठरवून ठेवण्याची गरज वाढली आहे. मायक्रोसॉफ्टचा असा मदतनीस, कोपायलट, विचारणाऱ्याला जे पाहायची परवानगी आधीच आहे त्यातूनच उत्तर काढतो. म्हणजे पाच वर्षांपूर्वी कोणी घाईत एखादं फोल्डर 'बाहेरचे वगळून सगळे' या गटाला खुलं केलं असेल, तर ते आजवर केवळ कोणाला सापडत नव्हतं म्हणून झाकलेलं होतं. आता ते साध्या प्रश्नाच्या उत्तरात वर येईल. आणि चार 'फायनल' अहवालांपैकी खरा कुठला हे त्या नऊजणांनाच सांगता येत नव्हतं, तर तो मदतनीस कुठून सांगणार?

मग जाणकार ट्रेनर ओळखायचा कसा? बहुतेक संस्था प्रमाणपत्र पाहतात. ते पाहू नका असं मी म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टची असोसिएट आणि एक्सपर्ट पातळीची प्रमाणपत्रं वर्षभरच चालतात, दर वर्षी त्यांचं नूतनीकरण करावं लागतं, आणि हे योग्यच आहे, कारण ही जमीन सतत सरकते. शेअरपॉइंट २०१० पद्धतीची वर्कफ्लो, म्हणजे कामाचे टप्पे आपोआप पुढे सरकवणाऱ्या रचना, नोव्हेंबर २०२० पासून ऑनलाइन सेवेतून काढून टाकली गेली, तेव्हा तीन-तीन दिवसांचे अभ्यासक्रम एका फटक्यात निकामी झाले आणि ती वर्कफ्लो बनवून निर्धास्त झालेल्या ऑफिसांची तारांबळ उडाली. ट्रेनर अद्ययावत हवाच. पण प्रमाणपत्राच्या परीक्षेत सॉफ्टवेअर तपासलं जातं. गप्प बसलेली खोली बोलती करता येते का, हे तपासलं जात नाही.

प्रमाणपत्राहून मला डेमोची फाइल अधिक बोलकी वाटते. बहुतेक ट्रेनर एका काल्पनिक कंपनीचा तयार डेमो घेऊन फिरतात. त्यातल्या यादीत बारा नोंदी असतात, सगळ्या नीट भरलेल्या. शेअरपॉइंटच्या यादीत ३ कोटी नोंदी मावतात. पण एका वेळी ५,००० पेक्षा जास्त नोंदी चाळाव्या लागतील असा व्ह्यू, म्हणजे निवडक नोंदी दाखवणारी मांडणी, केला की तो अडतो. आधी विचार करून कॉलमना इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची, लावले, व्ह्यू नेमके ठेवले, तर काही बिघडत नाही. बारा नोंदींच्या डेमोत हा खड्डा कधीच लागत नाही. तो लागतो तिसऱ्या वर्षी, ट्रेनर कधीचा निघून गेल्यावर, एखाद्या सकाळी, जेव्हा तक्रारींची यादी उघडायला गेलेल्या कर्मचाऱ्यासमोर नोंदींऐवजी एक अनाकलनीय सूचना येते. ज्या ट्रेनरने कधी एखाद्या टीमबरोबर तीन वर्षं काढली आहेत, तो हे पहिल्याच दिवशी विचारतो: वर्षाला साधारण किती नोंदी होतील?

ट्रेनर असे डेमो का वापरतात, हेही सांगायला हवं. त्यांना मोबदला मिळतो तो खोलीत उभं राहिल्याच्या दिवसाचा. आधी येऊन टीमचं काम समजून घेणं, फोल्डर पाहणं, नंतर महिन्याने परत येणं, यातल्या कशाचाच हिशोब करारात नसतो. विशेषतः जिथे निविदा काढून माणशी सर्वांत कमी दर लावणाऱ्याला काम दिलं जातं, तिथे तयारी करणारा ट्रेनर आपसूक बाद होतो. मी स्वतः हेच काम करते, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे असं कोणी म्हटलं तर मला नाकारता येणार नाही. पण तो ज्येष्ठ इंजिनिअर पाच वाजता शेवटच्या क्षणी हात वर करतो आणि त्याला उत्तर देऊन मी निघून जाते, याची टोचणी मला आहे, आणि ती कोणत्याही मोबदल्याने जात नाही. सार्वजनिक कार्यालयांच्या बाबतीत तर हा कोणा एका संस्थेचा घरगुती मामलाही नाही. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या खाजगी फोल्डरमध्ये अडकलेला कागद कोणाच्या तरी परवान्याचा असतो, कोणाच्या तरी निवृत्तिवेतनाचा असतो. तो माणूस खिडकीपाशी उभा असतो आणि आतून उत्तर येतं, 'सिस्टीममध्ये दिसत नाही.'

ट्रेनिंग कसं झालं हे मोजण्याची रीतही बदलायला हवी. प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या: लोकांना ते कसं वाटलं, ते काय शिकले, त्यांच्या वागण्यात काय बदललं आणि संस्थेच्या कामावर काय परिणाम झाला. संध्याकाळचा फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतो. त्या फॉर्मांत मला चांगले गुण मिळत आले आहेत. नकाशे हरवलेल्या त्या इंजिनिअरांनीही मला पैकीच्या पैकी दिले होते. त्याऐवजी तीन महिन्यांनी कोणीतरी टीममध्ये जाऊन एखाद्या नव्या माणसाला सांगावं, 'चालू कामाची शेवटची प्रत काढून दाखव,' आणि किती वेळ लागतो ते पाहावं. त्याला कोणाला विचारावं लागलं का, तेही पाहावं.

माझी मागणी फार मोठी नाही. अनोळखी तीसजणांच्या बॅचऐवजी एकत्र काम करणारी अख्खी टीम बसवा, वरिष्ठांसकट. एका लांबलचक दिवसाऐवजी अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या दोन-तीन बैठका, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन, कारण खरे प्रश्न वापरायला लागल्यावर पडतात. गोपनीयतेचा करार करून घ्या, पण ट्रेनरला तुमचं खरं फोल्डर पाहू द्या. त्याने शेवटी वरिष्ठांना जे दिसलं ते सांगायचं, हे कामाचा भाग म्हणून करारात लिहा. आणि शिकवणं माणसांच्या रोजच्या बोलीत होऊ द्या. मेन्यू कुठल्याही भाषेत असो, 'मला हे जमत नाही' असं माणूस आपल्याच भाषेत कबूल करतो, आणि ते कबूल होईपर्यंत शिकवणं सुरूच झालेलं नसतं.

त्या नऊजणांकडे मी सहा महिन्यांनी परत गेले. चॅनलच्या वरच्या बाजूला त्यांनी एक पान पिन करून ठेवलं होतं. सात ओळींचं. आम्ही त्या दिवशी जे ठरवलं होतं, ते त्यांच्याच शब्दांत. चौथी ओळ साहेबांनी मसुदा कधी उघडायचा त्याबद्दलची. त्यातलं 'गुरुवारपर्यंत' खोडलेलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'बुधवारी दुपारपर्यंत, गुरुवारी वेळ पुरत नाही'. खाली तारीख आणि एका मुलीचं नाव. ते नाव माझ्या ओळखीचं नव्हतं. ती टीममध्ये येऊन तीन आठवडे झाले होते, आणि माझ्या एकाही सेशनला ती बसलेली नव्हती.